गल्ल्यातलं पाकीट

आमच्या तालुक्याच्या गावात एसटी स्टँडच्या आसपास सात मेडिकल आहेत. अण्णांचं त्यांत सगळ्यात अरुंद. दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की तिसऱ्यानं पायरीवर थांबायचं. मी रक्तदाबाच्या गोळ्या तिथूनच घेतो आणि गोळ्यांना लागतो त्याच्या दसपट वेळ बाहेरच्या बाकड्यावर घालवतो. ही गोष्ट त्या बाकड्यावरून पाहिलेली. जे पाहिलं नाही ते शैलानं सांगितलं.

शैला अण्णांची सून. दुकान अण्णांचं, पण भिंतीवरच्या फ्रेममध्ये नाव शैलाचं. अण्णांनी तरुणपणी मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला औषधांच्या होलसेलरकडे खोकी उचलली, बिलं फाडली, हजारेक औषधं तोंडपाठ केली. पण नोंदणीकृत फार्मासिस्ट ते नव्हेत. गावी दुकान टाकल्यावर वीस वर्षं त्यांनी पगारी फार्मासिस्ट ठेवला. इथे अशीही दुकानं आहेत की सर्टिफिकेट भिंतीवर लटकतं, आणि सर्टिफिकेटवाला पुण्यात दुसरीच नोकरी करून महिन्याच्या महिन्याला त्याचं भाडं घेतो. अण्णांनी तो धंदा केला नाही. मुलासाठी स्थळं पाहताना मात्र पत्रिकेच्या आधी मुलीचं फार्मसी कौन्सिलचं रजिस्ट्रेशन पाहिलं. शैला हे हसत सांगते, पण पुरतं हसत नाही.

काउंटरखाली एक लांबडं, कापडी पाठीचं रजिस्टर असतं. 1 मार्च 2014 पासून 'शेड्यूल एच-वन'ची औषधं आली. सुरुवातीच्या यादीत 46 नावं होती. टीबीची औषधं, भारी अँटिबायोटिक, झोपेच्या आणि नशेच्या वाटेनं जाऊ शकणाऱ्या गोळ्या, असं सगळं त्यात होतं. यातलं काहीही विकलं की डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं हे वेगळ्या वहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची. शैला ती निळ्या शाईनं भरते. वरचंच नाव खाली आलं तरी खुणेच्या दोन रेघा ओढत नाही, पुन्हा पूर्ण लिहिते. बऱ्याच दुकानांत हीच वही महिनाअखेरीला एका बैठकीत, एकाच पेनानं, एकाच तिरक्या अक्षरात भरली जाते. कोण बघतंय?

2019 च्या उन्हाळ्यात स्टँडमागच्या मुतारीपाशी अकरावीतला एक मुलगा बेशुद्ध सापडला. खिशात अल्प्राझोलामच्या चार रिकाम्या स्ट्रिप्स. पोरं तिला 'कुत्ता गोळी' म्हणतात. मुलगा वाचला. स्ट्रिपवर बॅच नंबर असतो आणि दुकानाच्या खरेदी बिलावरही असतो. पोलिसांनी दोन्ही जुळवले तेव्हा चार स्ट्रिप्स तीन दुकानांतून गेलेल्या निघाल्या. तिन्ही दुकानांत चिठ्ठी एकच, तिच्या झेरॉक्स तीन.

आठ दिवसांत तालुक्यातल्या केमिस्ट लोकांची बैठक भरली. एकतीस दुकानदार, लग्नाच्या कार्यालयात, मसाला दुधासकट. पहिला अर्धा तास सगळे औषध निरीक्षकावर घसरले. साहेब कधी येतात, आले तर कोणाकडे चहा घेतात, वगैरे. शैला कॅलेंडरच्या पाठीमागे आकडे मांडत बसली होती. ती उठली आणि म्हणाली, "आपण लायसनची फी किती भरतो? फॉर्म 20 चे दीड हजार, 21 चे दीड हजार. तीन हजार रुपये, पाच वर्षांचे. म्हणजे वर्षाला सहाशे, महिन्याला पन्नास."

कोणीतरी म्हणालं, "मग? तेही जास्तच आहेत."

"माशेलकर समितीनं 2003 साली सांगून ठेवलंय, 200 दुकानांमागे एक निरीक्षक हवा. 200 दुकानांची वर्षाची फी धरा. एक लाख वीस हजार. एवढ्यात साहेबांचा वर्षाचा पगार निघेल का? गाडी, सॅम्पल, लॅब तर सोडूनच द्या. आणि ही फी त्यांच्या ऑफिसला जातच नाही, सरकारच्या तिजोरीत जाते. तिथून काय परत येतं ते आपण बघतोच आहोत."

एका दुकानदाराचे वकील भाऊ दूध प्यायला आले होते. त्यांना राहवलं नाही. कर घेतला की सरकारनं तो कुठेही खर्चावा. शुल्क घेतलं तर त्याच्या मोबदल्यात सेवा दिसली पाहिजे, असं सुप्रीम कोर्टानं 1954 साली शिरूर मठाच्या खटल्यात म्हटलंय, असं त्यांनी सांगितलं. हा मठ उडुपीचा, आपल्या शिरूरचा नव्हे, हे त्यांना दोनदा सांगावं लागलं.

मग अण्णा बोलले. ते बैठकीत सहसा बोलत नाहीत. "86 साली मी मुंबईत होतो. जे. जे.मध्ये ग्लिसरॉल दिलं आणि 14 माणसं गेली. ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होतं. आमच्या गल्लीत आठ दिवस कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. प्रत्येक जण आपापली पिंपं आठवत होता. पुढे चौकशीला नेमलेल्या लेंटिन साहेबांचा अहवाल आला, एफडीएवर ताशेरे आले, मंत्र्याचं पद गेलं. तेव्हा मला एवढंच कळलं की राखणदार नाही म्हणून आपण सुटलो असं नसतं. मागाहून सगळ्यांच्याच दारात येतात."

कार्यालयात पंखे तेवढे ऐकू येत होते.

शैलाचा मावसभाऊ कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला फार्मासिस्ट आहे. तिकडे धोकादायक गोळ्यांची प्रत्येक चिठ्ठी एका सरकारी यंत्रणेत चढते. डॉक्टर किंवा फार्मासिस्टनं नाव टाकलं की त्या माणसानं वर्षभरात कुठून काय घेतलं ते दिसतं. तिचा खर्च भागवायला 2014 पासून तिथले डॉक्टर आणि फार्मासिस्ट आपल्या लायसनच्या फीबरोबर दरवर्षी जादा पैसे भरतात; तेव्हा ते वर्षाला सहा डॉलर होते. शैलानं हे सांगितल्यावर अध्यक्ष म्हणाले, "अमेरिकेचं अमेरिकेत." पण सहा डॉलर हा आकडा लोकांच्या डोक्यात राहिला. चहापाण्यावर याहून जास्त जातात.

ठरलं ते असं. ग्रामीण रुग्णालयातून औषध निर्माण अधिकारी म्हणून निवृत्त झालेले कांबळे सर गावात होते. महिन्यातून एकदा त्यांनी प्रत्येक दुकानात जायचं आणि खरेदीची बिलं, रजिस्टर आणि फळीवरचा माल ताडून पाहायचा. कायद्यानं त्यांना कसलाही अधिकार नाही; दुकानात शिरायचा हक्क दुकानदारांनीच दिलेला. पेशंटचं नाव त्यांनी उतरवायचं नाही, आद्याक्षरं आणि वय तेवढं लिहायचं. (तालुक्याच्या गावात आद्याक्षरांनी काही लपत नाही, पण निदान लाज तरी राखली जाते.) एकच चिठ्ठी दोन दुकानांत दिसली तर दोघांनाही कळवायचं. वर्गणी दुकानामागे महिन्याला तीनशे. ज्याला जमेल त्यानं जास्त द्यावी. अण्णांनी भर सभेत दीड हजार सांगितले. टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी मग हजार सांगितले, आणि त्यांचा चेहरा जरा उतरला.

कांबळे सर बुटके, खिशाला दोन पेनं, सायकलला कापडी पिशवी. त्यांची पद्धत मी बाकड्यावरून कितीदा पाहिली. आधी बिलांची फाईल. दहा स्ट्रिप्स आल्या. मग रजिस्टर. सहा गेल्या. मग स्टुलावर चढून फळीवर हात घालून उरलेल्या चार मोजायच्या. बोट जिभेला लावून पान उलटायचं. सगळं जुळलं की वहीत बारीक बरोबरची खूण. मग अण्णा गल्ला उघडत, नोटांचं पाकीट काढत, सर पावती फाडत आणि चहा नको म्हणत निघून जात.

तीन-चार महिन्यांत फरक दिसू लागला. पुण्याच्या एका डॉक्टरची एकच चिठ्ठी पाच दुकानांत फिरताना त्यांना सापडली. पाचव्या दुकानानं ती परत केली. तिरक्या अक्षरातली रजिस्टरं रोजच्या रोज भरली जाऊ लागली. शैला खूश होती. मला मात्र एक गोष्ट टोचायची, पण बोललो नाही. काही दुकानांत पाकीट रजिस्टरच्या आधी काउंटरवर येऊ लागलं होतं.

नागपंचमीला शैला माहेरी गेली होती. त्या महिन्यात कांबळे सर आले तेव्हा ती नुकतीच परतली होती आणि आत कपाट लावत होती. फाईल झाली, रजिस्टर झालं, सर स्टुलावर चढले, उतरले, पुन्हा चढले.

"अण्णा, अल्प्राझोलाम पॉइंट फाइव्हच्या दहा आल्या. रजिस्टरला तीन गेल्यात. फळीवर सात हव्यात. चार आहेत."

"मागे पडल्या असतील."

"पाहिलं मी मागे."

अण्णा काही बोलले नाहीत. मी बाकड्यावरून पाहत होतो. त्यांनी गल्ल्याची किल्ली हातात घेतली होती आणि तिच्याशी चाळा चालला होता. सरांनी लाल पेन काढलं. तेव्हा अण्णा म्हणाले, आणि मोठ्यानं नाही, अगदी घरच्या माणसाशी बोलावं तसं म्हणाले, "सर, महिन्याला दीड हजार मी देतोय."

आत शैलाचा हात थांबला. एवढ्या बारीक दुकानात कपाटाचा आवाज बंद झाला तरी कळतं.

सरांनी पेनाला टोपण लावलं. पाकीट आधीच काउंटरवर आलेलं होतं. ते त्यांनी दोन बोटांनी अण्णांच्या बाजूला सरकवलं. "हे राहू द्या," म्हणाले, आणि सायकल घेऊन गेले. त्या दिवशी पावती फाटली नाही, खूणही झाली नाही.

घडलं होतं ते एवढंच. अण्णांचा एक जुना मित्र दोन वर्षांपूर्वी गेला. त्याचा मुलगा बाळू आला, "काका, आईला झोपच लागत नाही," म्हणाला. चिठ्ठी घरी राहिली होती. अण्णांनी तीन स्ट्रिप्स दिल्या. चिठ्ठी आणून दे म्हणाले. फार्मासिस्ट दुकानात नाही, चिठ्ठी नाही, नोंद नाही. भल्या माणसाच्या हातून एका दुपारी तीन नियम मोडले, तेही मायेपोटी. सर पाकीट सरकवून गेले त्या संध्याकाळी अण्णा मित्राच्या घरी गेले. बाई तुळशीला पाणी घालत होत्या. झोपेचं विचारल्यावर म्हणाल्या, "झोपेला काय झालंय भावजी? आडवी झाले की डोळा लागतो." बाळू घरी नव्हता.

घरी परतल्यावर अण्णा जेवले नाहीत. शैलानं सांगितलं, रात्री अकराला ती हिशेब करत बसली होती तेव्हा ते आले आणि खुर्चीवर बसून राहिले.

"सर लिहितील का ते?" त्यांनी विचारलं.

"सर नाही लिहिणार," शैला म्हणाली. "त्यांनी पेन बंद केलं. तुम्ही बंद करायला लावलंत." मग जरा थांबून, "भिंतीवर नाव माझं आहे, अण्णा."

दुसऱ्या दिवशी तिनं अन्न व औषध प्रशासनाच्या सहाय्यक आयुक्तांना पत्र लिहिलं. तीन स्ट्रिप्स, तारीख, बॅच नंबर. पत्र पोस्टात टाकण्याआधी तिनं ते अण्णांपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि 'मालक' या शब्दाखाली सही केली. कारणे दाखवा नोटीस आली, खुलासा गेला, आणि लायसन सात दिवस निलंबित झालं. सात दिवस त्या अरुंद दुकानाचं शटर खाली होतं. शटरला बाहेरून पाहणारे पुष्कळ असतात. अध्यक्षांच्या दुकानात त्या आठवड्यात गर्दी वाढली आणि बाकड्यावर मी एकटाच बसायचो.

शटर वर जायच्या आधीच अण्णांनी बैठक बोलवायला लावली. या वेळी दूध नव्हतं. लोकांना वाटलं, माणूस माफी मागेल किंवा वर्गणी बंद करेल. अण्णांनी आजोबांची एक गोष्ट काढली.

"आमच्या गावाला रात्रीचा जागल्या असायचा. त्याचं बलुतं खळ्यावर मिळायचं. प्रत्येक खळ्यावर एकच माप. रास मोठी असो की लहान. एका दुष्काळाच्या साली लोकांकडे द्यायला दाणा नव्हता. पाटील म्हणाला, यंदा सगळ्या गावाचं मी देतो, माझ्या पेवातून. लोकांनी त्याचे पाय धरले. पुढच्या सुगीला कोणाची ज्वारी रात्रीत चरून जायची, कोणाचा हरभरा. जागल्या रात्रभर फिरायचा, झोपायचा नाही. आजोबांनी एकदा त्याला धरून विचारलं, अरे, तुला काहीच दिसत नाही? तो म्हणाला, दिसतात की पाटलाचे बैल. मग तू काय करतोस? म्हणाला, मी खोकतो."

कोणी हसलं नाही. अण्णा पुढे म्हणाले, "मी पण कांबळे सरांना खोकायला लावलं. मला तोपर्यंत वाटत होतं, मी दीड हजार राखणीचे देतोय."

त्यांनी मांडलं ते असं. सगळ्यांची वर्गणी एकच, तीनशे. एक रुपया वर नाही. ती महिन्याला नाही, वर्षाची आगाऊ. आणि ती सरांच्या हातात द्यायची नाही, ग्रामीण रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीत भरायची. सरांचं मानधन तिथून निघेल आणि त्यांची वही तिथेच जमा होईल. आपल्यापैकी कोणीही रागावला तरी वर्षभर त्याला काही काढून घेता येणार नाही.

अध्यक्ष म्हणाले, "पैसे आपले, वही त्यांची. मग आपल्या हातात राहिलं काय?"

"रजिस्टर राहिलं," शैला म्हणाली.

वकील भाऊ या वेळीही होते. तीनशे रुपये दुकानदाराचे नाहीतच, ते शेवटी गोळी घेणाऱ्याच्याच खिशातून येतात, मग हक्क कोणाचा, असा एक मुद्दा त्यांनी काढला. तो मला पटला. सभेनं मात्र त्यांना खाली बसवलं.

सगळं काही गोड झालं नाही. एकतीसपैकी बावीस दुकानं राहिली. अध्यक्ष बाहेर पडले. त्यांच्याबरोबर ज्यांची रजिस्टरं अजून तिरकी आहेत तेही. रुग्णालयात फाईल पंधरा दिवस या टेबलावरून त्या टेबलावर फिरली, कारण असा पैसा कोणत्या सदराखाली घ्यायचा हे कोणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी देणगीत घेतला. बाळूचं काय झालं ते मी लिहीत नाही. त्याची आई अजून त्याच दुकानातून शुगरच्या गोळ्या नेते आणि अण्णा तिच्याकडे पाहून बोलत नाहीत.

नव्या व्यवस्थेतला पहिला महिना. कांबळे सरांनी सायकल माझ्या बाकड्याला टेकवली. अण्णा उठून उभे राहिले. शैलानं रजिस्टर काढून काउंटरवर ठेवलं. सवयीनं अण्णांनी गल्ला उघडला, हात आत घातला, आणि हात तिथेच राहिला. आत समितीच्या शिक्क्याची वर्षभराची पावती होती, तिच्याशेजारी सुट्टे पैसे.

"चहा?" अण्णांनी विचारलं.

"नको," सर म्हणाले. त्यांनी बोट जिभेला लावलं. "आधी नागपंचमीच्या महिन्यातली बिलं काढा."